बिनाआवतनाची ब्राह्मी

मावशी,

काल तुझ्या तेराव्याला भारतनं मला पहिल्या पंगतीत बसवलं. पुरी वाढली, बुंदी वाढली, तुला आवडायची तशी वांग्याची झणझणीत भाजी वाढली, आणि मी नुसती पुरी मोडत बसले. तुझा लेक वाढता वाढता माझ्यापुढं थांबला. म्हणाला, "म्याडम, तुमचे लई उपकार हायेत. तुमच्यामुळं आई पाच वर्सं बिनघोर झोपली." शेजारच्या बायांनी माना डोलावल्या. एकीनं माझ्या पानात आणखी बुंदी वाढायला लावली. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. त्या पाच वर्षांत खरं काय झालं ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं, आणि तू तर ते सगळं विसरून गेलीस. आता एकटी मी उरले.

अजून मला धड रडता आलेलं नाही गं. राग येतोय. तुझा नाही, माझाच. माझा राग तुला नवा नाही म्हणा. चहात साखर जास्त पडली तरी मी कशी फणकारते, ते तू पोरांना नक्कल करून दाखवायचीस, आणि मी मागं येऊन उभी राहिले की तोंडाला पदर लावून वाफ्यात खुरपायला बसायचीस.

चौसाळ्याहून पहिल्या एसटीनं यायचीस तू. डोक्यावर पदर, पायात पुरुषी चपला, पिशवीत विळा आणि भाकरी. बीडच्या बाहेर माळावर आमचं फार्मसी कॉलेज. कॉलेजला औषधी वनस्पतींची बाग असावी असा नियम, म्हणून मुरमाड रानात आखलेले वाफे आणि त्यांच्यावर रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या. झाडं निम्मी वाळलेली, पाट्या तेवढ्या झकास. ऊस तोडून तोडून तुझे गुडघे गेले होते, कारखान्यावर जाणं सुटलं होतं, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं तू या बागेवर लागलीस. मी तिथं वनस्पतींपासूनची औषधं शिकवत होते आणि त्यातच पीएचडीही करत होते. मेंदूला राखणाऱ्या वनस्पती हा माझा विषय. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, मालकांगोणी. या चारींचा एक वेगळा वाफा केला होता, त्याला तू "डोक्याचा वाफा" म्हणायचीस. पुढं पोरंही तेच म्हणायला लागली, आणि एकानं तर परीक्षेच्या पेपरात तसंच लिहून ठेवलं.

पहिले आठ दिवस मी तुला "अहो मावशी" म्हणत होते. नवव्या दिवशी तू खुरपं खाली ठेवलंस आणि बजावलंस, मला तुमी-बिमी म्हनू नको, लांबच्या पाव्हनीवानी वाटतं. मग मी एकेरीवर आले. तू मला म्याडम म्हणायचीस, पण बोलायचीस एकेरीतच. "म्याडम, तू गप बस जरा" हे तुझं वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचे प्राचार्य चहा पिता पिता ठसकले होते.

ब्राह्मी तर तूच जगवलीस. ती पाणथळीतली. पाझर तलावाच्या खाली, जिथं ओल झिरपते तिथं पसरणारी. आमच्या माळावर फाल्गुन लागला की पार कोळपून जायची. प्रयोगशाळेत शुद्ध पाणी काढायचं यंत्र आहे. ते थंड ठेवायला नळाचं पाणी दिवसभर त्यातून फिरतं आणि मोरीत जातं. मी चार वर्षं ते पाणी मोरीत जाताना बघत होते, तेही पगार घेऊन. तू आलीस त्याच आठवड्यात कुठून तरी रबरी नळी पैदा केलीस, ती खिडकीतून बाहेर काढलीस आणि थेट ब्राह्मीच्या वाफ्यात सोडलीस. त्या उन्हाळ्यात कॉलेजात हिरवं काय होतं, तर तेवढा वाफा. बेडकं जमली तिथं. तू मला हात धरून दाखवायला नेलंस, जणू घरात पाळणा हललाय.

आणि ते पाट्यांचं! दिवाळीत रंगरंगोटी झाली, सगळ्या पाट्या उपसून एका कोपऱ्यात टाकल्या होत्या, आणि तू आपल्या मनानं त्या परत रोवल्यास. अक्षर तुला येत नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी तुळशीपुढं उभं राहून पाटी वाचली, तर ती अडुळशाची. मी घामाघूम. तू साहेबांना शांतपणे म्हणालीस, पाटी चुकली आसंल, झाड चुकलेलं न्हाई. साहेब हसले, आम्ही वाचलो. घरी जाताना मी तुझ्यावर तोंड टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तू आणलेल्या ठेच्यावर ताव मारून तो राग विसरले.

पण आपलं खरं भांडण आवतनावरून. ते कधी मिटलंच नाही.

औषधासाठी झाड खुडायचं तर आदल्या दिवशी सांजच्याला त्याला आवतन द्यायचं, ही तुझी रीत. झाडापुढं हळदकुंकू वाहायचं, चार तांदूळ टाकायचे, आणि म्हणायचं, उद्या न्यायला येते, माझ्यासंगं चल. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाशी न बोलता, आपली सावली त्याच्यावर पडू न देता खुडायचं. डोंगरातल्या मालकांगोणीला हे केलं तर मी समजू शकले असते. पण ज्या ब्राह्मीला तू रोज पाणी घालत होतीस, जिच्यातलं गवत रोज काढत होतीस, तिलाही आवतन! मी खदखदून हसले होते. घरच्याच माणसाला आवतन कशाला, असं विचारलं. तू माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलंस आणि म्हणालीस, लेक आपलीच असती, तरी मुराळी गेल्याबिगर सासरहून येती का?

मी स्वतः दिंद्रुडची लेक. भाऊ न्यायला आल्याशिवाय पंचमीला मी कधी माहेरी पाऊल टाकलेलं नाही, डॉक्टरेट करत असले तरी.

दुपारी मी प्रयोग लावायचे तेव्हा तू झाडू घेऊन मुद्दाम आत यायचीस. तुला ती जांभळ्या पाण्याची गंमत वाटायची. त्या जांभळ्या द्रावणात वनस्पतीचा अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं, आणि मग बघायचं. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत उतरत पिवळा होतो. शरीरात पेशींना गंज चढवणारी जी द्रव्यं असतात, त्यांना हा अर्क आवरू शकतो, असा त्याचा अर्थ. निदान नळीत तरी. मी नळ्या कपाटात ठेवून दार लावलं की तू कपाटापुढं बसकण मारायचीस. पोळ्या शेकायला टाकल्यासारखी अधूनमधून विचारायचीस, झालं का? मी म्हणायचे, उजेड लागला की बिघडतं, दार उघडू नको. मग दार उघडल्यावर पिवळ्या झालेल्या नळ्या बघून तुझा चेहरा असा उजळायचा की माझ्या गाइडचाही कधी उजळला नाही. "माझी ब्राह्मी पास झाली," म्हणायचीस.

एके दिवशी मी पोरांना शिकवत होते. शिकवताना मला चेव येतो, ठाऊक आहे तुला. मी म्हणाले, मेंदू इवलासा असला तरी प्राणवायू भरपूर खातो, शिवाय त्यात स्निग्ध भाग जास्त, म्हणून त्याला गंज लवकर धरतो; आणि या वनस्पती तो गंज धरू देत नाहीत. मी "धरू देत नसाव्यात" म्हणायला हवं होतं. "असं नळीत दिसतं, उंदरांत दिसतं, माणसाचं अजून ठामपणे सांगता येत नाही" एवढं तरी. पण पोरं माना वर करून ऐकत होती, आणि मी बोलून गेले. मागं फरशी पुसताना तुझा हात थांबलेला मला दिसला नाही.

तास संपला, पोरं गेली, आणि तू दाराशी तशीच उभी राहिलीस. मग तुझ्या आईचं सांगितलंस. त्याआधी आपण इतक्या भाकरी मोडल्या एकत्र, पण हे कधी काढलं नव्हतंस. म्हातारपणी तिला चळ लागला. रोज पहाटे उठायची, कोयता घ्यायची आणि चौसाळ्याच्या फाट्यावर जाऊन उभी राहायची. येईल त्या गाडीला हात करून विचारायची, कारखान्याला जाती का, माझी टोळी म्होरं गेली. तू रोज जाऊन तिला घरी आणायचीस. शेवटी शेवटी तिला तू कोण तेही कळत नव्हतं. मुकादमाची बाई समजून ती तुझ्या पाया पडायची, मला टाकून जाऊ नका म्हणून. आईनं पाया पडलेलं तुला सोसत नव्हतं. आणि आता तुझ्या मनात एकच भीती घर करून होती.

तू म्हणालीस, "म्याडम, खरं सांग. मी माझ्या आईवानी होनार न्हाई ना?"

मी म्हणाले, "नाही होणार. मी आहे ना."

मावशी, मला त्या क्षणी तुझी माया आली होती, हे खरं. पण त्यात थोडी फुशारकीही होती. माझा विषय, माझ्या नळ्या, माझी ब्राह्मी. परीक्षानळी आणि माणसाची कवटी यांच्यामध्ये पोट असतं, यकृत असतं, रक्त असतं, आणि मेंदूच्या दारावर एक पहारा असतो जो भल्याभल्यांना आत सोडत नाही. हे सगळं मी पोरांना तोंडपाठ करायला लावायचे. तुला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तू रोज सकाळी ब्राह्मीची सात पानं खायला लागलीस. सातच का, विचारलं तर म्हणालीस, सात बरी असत्यात. पानं कडू, तोंड वाकडं करत चावायचीस आणि खिडकीतून मला गाल फुगवून दाखवायचीस, बघ, खाल्ली. मी आतून मान हलवायचे. भारतची बायको सांगत होती, त्याआधी तू रात्री उठून उठून घरातल्यांची नावं मोजायचीस, कुणाचं राहिलं तर नाही ना म्हणून. ते तू सोडून दिलंस. ढाराढूर झोपायला लागलीस. भारत म्हणतो ती बिनघोर पाच वर्षं तिथून सुरू झाली.

चांगली वर्षं होती गं ती. श्रावणात आपण पोरांना घेऊन बालाघाटच्या डोंगरात शंखपुष्पी दाखवायला जायचो. खडकाळ माळावर जमिनीला चिकटलेली, बोटाच्या पेराएवढी निळी फुलं. पोरं त्यांच्यावर पाय देऊन पुढं जायची आणि तू मागून ओरडायचीस, आंधळ्यांनो, पायाखाली बघा. परतताना बसमध्ये पोरींनी गाणी म्हणायला लावली तर तू ऊसतोडीच्या फडातल्या ओव्या म्हटल्यास, इतक्या की कंडक्टर तिकिटं द्यायची विसरला. त्या दिवशी मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते. माझी आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू बीड येईस्तोवर खांदा हलवला नाहीस.

मग तो दिवस आला. तू तो मला कधी माफ केलास की नाही, मला कळलं नाही.

माझे गाइड दुसऱ्या दिवशी येणार होते. ताज्या ब्राह्मीचे आकडे त्यांना दाखवायचे होते, आणि ऐन वेळी अर्काची बाटली माझ्याच हातून फुटली. दुपारचे तीन वाजलेले. मी धावत बागेत आले आणि म्हणाले, मावशी, आत्ता खुडून दे. तू म्हणालीस, आवतन दिलेलं न्हाई, आता देते, उद्या सकाळी तांबडं फुटायला आनून ठेवते. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं. हे कॉलेज आहे, देऊळ नाही, म्हणाले. तुझ्या हळदकुंकवानं माझं करिअर होणार नाही, म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, खुडायची नसेल तर सांग, दुसरी बाई बघते.

पदर डोक्यावर घेतलास, वाफ्यात बसलीस. उन्हं तुझ्या पाठीवर होती, त्यामुळं तुझी सावली नेमकी ब्राह्मीवर पडत होती. तू सरकून सरकून ती चुकवायला बघत होतीस आणि जमत नव्हतं. ओठ पुटपुटत होते. टोपलीभर ब्राह्मी माझ्या हातात दिलीस आणि हात धुवायला निघून गेलीस. त्या दिवशीचे आकडे सगळ्यांत सरस आले, मावशी. मी तुला ते सांगायला आले, वर खिजवलंही, बघ, आवतन न देता जास्त पास झाली तुझी ब्राह्मी. तू एवढंच म्हणालीस, नळीत झाली आसंल.

किती खरं बोललीस! पीएचडीच्या दोनशे पानांत मी ते वाक्य लिहायला कचरले होते.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं सुरू झालं. आधी बारीकसारीक. अडुळशाला सकाळी दोनदा पाणी. माझा डबा स्वतःचा समजून खाल्लास आणि पोळी कुणी आणली म्हणून विचारत बसलीस. मी हसण्यावारी नेलं. मग एका सोमवारी सकाळी मी बागेत गेले तर अश्वगंधेपुढं हळदकुंकू आणि तांदूळ. शंखपुष्पीपुढंही. ब्राह्मीपुढं तर तीन ठिकाणी, एक ताजं, एक परवाचं, एक पार पाण्यानं धुऊन गेलेलं. कुणीही काही खुडायला सांगितलेलं नव्हतं. खुडलेलंही काही नव्हतं. तू आवतन देत होतीस आणि न्यायला जायचं विसरत होतीस.

मी तिथं उभी राहिले आणि मला सगळं कळलं. माझी विद्यार्थिनी असती तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं. तुला नाही नेलं. मी खाली वाकले, ते तांदूळ मातीत मिसळून टाकले आणि वर्गावर गेले. पुढं कितीतरी महिने मी रोज सकाळी लवकर येऊन हे करत होते. तू ज्यांना आवतन दिलंस ती झाडं गुपचूप खुडून तुझ्या टोपलीत ठेवायचे, म्हणजे तुला वाटावं की तूच खुडलीस. लोक म्हणतील, किती माया. माया कसली डोंबलाची! तुला डॉक्टरकडं नेलं असतं तर मी बोललेलं खोटं ठरलं असतं. तू माझ्याकडं बघून विचारलं असतंस, म्याडम, तू तर म्हनली होतीस. ते ऐकायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी गप्प बसले. हे आज पहिल्यांदा बोलतेय, आणि तेही तू नसताना.

एक दिवस तू एसटीतून भलत्याच थांब्यावर उतरलीस आणि संध्याकाळपर्यंत सापडली नाहीस, तेव्हा भारतच तुला दवाखान्यात घेऊन गेला. मीही आले. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. तुझं घड्याळ बघून भारतनं मान वळवली. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? भारत म्हणाला, महिनाभर झाला असेल. मी त्याच्या शेजारी बसून होते आणि मला सगळं ठाऊक होतं. मी "हो" म्हणाले. डॉक्टर म्हणाले, हा आजार मागं फिरत नाही, गोळ्यांनी थोडा हळू होतो, जितकं लवकर कळेल तितकं बरं.

बाहेर येऊन तू बाकावर बसलीस. त्या वेळी तू पूर्ण शुद्धीत होतीस, डोळे अगदी लख्ख. मला वाटलं आता विचारशील. मी मनाची तयारी केली. पण तू माझा हात हातात घेतलास आणि उलट माझीच समजूत घालायला लागलीस.

"तुझी चूक न्हाई म्याडम. त्या दिशी म्या तिला जबरीनं आनली ना, आवतन न देता. म्हून ती माझ्या अंगी लागली न्हाई."

मी तुला तिथंच सांगायला हवं होतं की असं काही नसतं. आवतन दिलं असतंस तरी हेच झालं असतं, कारण मी जे बोलले त्याला तेवढा आधारच नव्हता. तू सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतलास, आणि मी तो घेऊ दिला. यावरून मी तुझ्याशी अजून भांडतेय, मावशी. पाण्याच्या नळीवरून, पाटीवरून, साखरेवरून मी तुझ्याशी भांडले, आणि जिथं खरं भांडायला हवं होतं तिथं माझी दातखीळ बसली.

नोकरी सुटली, तू चौसाळ्यालाच राहिलीस. मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. जास्त यायला हवं होतं. शेवटचं आले ते दोन महिन्यांपूर्वी. तेलाच्या डब्यात ब्राह्मी लावून आणली होती. मला वाटलं, माणसं विसरली तरी हिला ओळखेल. तू घरापुढं बाजेवर बसली होतीस, वाळून काटकी झालेली, केस मात्र सुनेनं छान विंचरलेले. मी डबा तुझ्यापुढं धरला. तू वाकून बघितलंस, पान चुरगाळून वास घेतलास. म्हणालीस, ह्ये कशाचं गवत हाय? शेळीला टाक.

मी हसले आणि मग मला हुंदकाच आला. तू घाबरलीस. सुनेला म्हणालीस, पाव्हनीला पानी दे. मग माझ्याकडं वळून मायेनं विचारलंस, तू कुन्या गावची गं, कुनाची लेक? मी म्हणाले, दिंद्रुडची. तशी तुझी कळी खुलली.

"दिंद्रुडची? माझ्या म्याडमचं माहेर हाय ते. लई हुशार हाय माझी म्याडम. तिनं मला सांगितलंय, मी माझ्या आईवानी होनार न्हाई."

मी तुझ्यासमोर बसले होते, मावशी. तुला मी आठवत नव्हते, पण मी बोललेलं तेवढं आठवत होतं. त्यावर तुझा अजून विश्वास होता. मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आणि तू झटकन पाय मागं घेतलेस. म्हणालीस, असं लोकाच्या पाया पडू ने. घरी जाईपर्यंत एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

भारत म्हणतो ते उपकार खरे की मी केलेला गुन्हा खरा, हे काल पंगतीत बसून मला ठरवता येईना. तू पाच वर्षं न भिता झोपलीस, हे खोटं नाही. आणि उपचाराचे कितीतरी महिने मी माझ्या तोऱ्यापायी वाया घालवले, तेही खोटं नाही. दोन्ही मला सांभाळावं लागणार.

आज सकाळी वर्गात पुन्हा तोच धडा होता. मी तो टाळणार होते, पण पोरांची परीक्षा जवळ आलीय. मी मेंदूबद्दल बोलले, गंजाबद्दल बोलले, या वेळी शब्द तोलून बोलले. मागच्या बाकावर सना नावाची पोरगी बसते. तिच्या वडिलांचा फळांचा गाडा आहे. ती एरवी तोंड उघडत नाही. आज उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, म्हणजे माझ्या नानीला रोज ब्राह्मी दिली तर ती आम्हाला विसरणार नाही ना?

तुझी शपथ सांगते, जीभ पुन्हा तेच बोलायला वळली होती. पोरीचे डोळे अगदी तसेच होते. "नाही विसरणार बेटा" ओठांवर आलं होतं, आणि त्यानं सगळा वर्ग खूश झाला असता.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, सना."

तिचा चेहरा पडला. ती खाली बसली. मग मी विचारलं, नानी कधीपासून विसरते? म्हणाली, रमजानपासून. दवाखान्यात दाखवलं का? म्हणाली, अब्बू म्हणतात वय झालंय, असं होतंच. मी पुस्तक मिटलं. पोरांना वाचत बसायला सांगितलं आणि सनाला म्हणाले, चल, दाखव तुझं घर.

नानी दुबळी, गोरीपान, हातात जपमाळ. मी कोण ते तिला नातीनं तीनदा सांगितलं. सनाचे वडील गाडा शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आले, आणि आम्ही चौघं दवाखान्यात जाऊन बसलो. नंबर यायला वेळ होता. नानी इकडंतिकडं बघत होती, आणि मग एकाएकी तिला सगळं उमगल्यासारखं झालं. तिनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, मैं अच्छी हो जाऊंगी ना, टीचर?

मी म्हणाले, "मालूम नै, नानी. पन मैं है ना साथ में."

तिनं मान हलवली. नंबर पुकारेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही, आणि मीही काढून घेतलं नाही. मावशी, तुलाही मला एवढंच म्हणायचं होतं, आणि मग खरंच सोबत असायचं होतं.